तंगुसाचा हार

मोठागावचा पूल निम्मा ओलांडला आणि सलिलच्या मोटरसायकलचे तीन दिवे एकामागोमाग एक लागले. आधी एबीएसचा, मग ट्रॅक्शनचा आणि शेवटी इंजिनाचा पिवळा. त्यानंतर गाडीचा दमच गेला. मूठ पूर्ण पिळली तरी स्क्रीनवरचा आकडा पंचविसाच्या पुढे सरकेना. खाली बारीक अक्षरांत एक ओळ आली होती : लिंप मोड.

मागचा टेम्पोवाला हॉर्न देऊन थकला, बाजूने पुढे आला आणि खिडकीतून डोकं काढून ओरडला, "अरे भाई, बारात निकाली है क्या?"

सलिलला हो म्हणता आलं असतं. ठाण्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात त्याची बहीण संचिता सकाळपासून जरीची साडी नेसून बसली होती, आणि तिचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला सलिलच्या पाठीवरच्या सॅकमध्ये होता. तो दाखवल्याशिवाय लग्न लागणार नव्हतं. साहेब एक वाजता दुसऱ्या कामाला निघणार होते. पुलावर अकरा अठ्ठेचाळीस झाले होते.

एरवी उद्या, परवा कधीही जमलं असतं. पण नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस बाद होते, आणि तिसऱ्या महिन्याचा हा शेवटचा दिवस होता. तीन महिने कसे गेले, तर सगळ्यांच्या घरी जातात तसेच. पहिला महिना कायद्यानेच थांबायचा. मग अनिमेषची, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याची, आजी गेली. पुढे पितृपक्ष लागला. "सह्याच करायच्या आहेत ना, मग पितृपक्षात का नको?" असं संचिता म्हणाली, तेव्हा अनिमेषची आई आणि तिची स्वतःची आई, दोघींनी एकाच वेळी कानांवर हात ठेवले होते. त्यानंतर नवरात्र, काल दसरा, आणि आज शुक्रवार. रविवारी अनिमेष गुवाहाटीच्या नव्या नोकरीवर रुजू व्हायला निघणार होता. आज हुकलं तर पुन्हा अर्ज, पुन्हा महिनाभर थांबणं, आणि नवरदेव हजार कोस लांब.

मूळ दाखला संचिताने आधीच का नेला नाही, याचं उत्तर विठ्ठलवाडीच्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत होतं. ट्रंक बाबांची, किल्ली बाबांच्या कमरेच्या करगोट्याला. दौलत पाष्टे डोंबिवलीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हापासून घरातली महत्त्वाची कागदपत्रं आणि मासेमारीचं सामान त्यांनी एकाच कुलपात ठेवलं होतं. पोरीचं लग्न गुहागरकडे गावी, मांडव घालून, चार माणसांना जेवू घालून करायचं, एवढं त्यांनी मनाशी ठरवलेलं. संचिताला तो खर्चही नको होता आणि तो गोंधळही.

"सह्या करून काय खोली विकत घेताय?" एवढंच बाबा तेव्हा म्हणाले होते. त्यानंतर तीन महिने त्यांनी लेकीशी कामापलीकडे शब्द काढला नव्हता. दाखला मागितला की "देतो" म्हणायचे. नाही कधीच म्हणाले नाहीत, पण दिलाही नाही.

आई, म्हणजे शेवंती, संचिताला घेऊन आठ वाजताच निघाली. दाखल्यासाठी सलिल मागे थांबला. अकराला पाच मिनिटं असताना बाबांनी ट्रंक उघडली, गळांचा डबा आणि फिरक्या बाजूला सारल्या आणि तळातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला दाखला काढून त्याच्या हातात दिला.

"चला ना बाबा तुम्ही पण," सलिल म्हणाला.

"त्या उंटावर? नको."

उंट म्हणजे सलिलची गाडी. घोडबंदर रोडच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून त्याने ती गणपतीत घेतली होती. उंच, चारशे सीसीची, लांबच्या प्रवासाची. बाबा तिच्यावर एकदाही बसले नव्हते. पण काल दसऱ्याला तिची पूजा मात्र त्यांनीच केली. चाकांना हळदकुंकू, आरशांना आंब्याचे डहाळे, आणि पुढचं चाक धरणाऱ्या दोन्ही नळ्यांना मिळून झेंडूचा भरगच्च हार. सलिल आंघोळ करून खाली आला तोवर ते गाठी मारून उठतही होते.

आज निघताना तो हार दिव्यावर लोंबत होता. फुलं कोमेजलेली, अर्धी काळवंडलेली. सलिलने हार मुठीत धरून खसकन ओढला. फुलं हातात आली. ती त्याने तुळशीच्या कुंडीत टाकली आणि झटक्यात निघाला.

आता पुलाच्या माणकोलीकडच्या टोकाला, कठड्याच्या कडेला गाडी घेऊन तो उतरला. बारा वाजत आले होते. सलिलचा स्वभाव घाबरण्याचा नव्हता, घाबरायला त्याला वेळ लागायचा. त्याने चावी बंद केली, तीस आकडे मोजले, पुन्हा लावली. सगळे दिवे एकदा लागले. इंजिनाचा गेला, ट्रॅक्शनचा गेला. एबीएसचा राहिला, पण तो गाडी हलेपर्यंत राहतोच. इंजिन सुरू केलं तर आवाज गुळगुळीत, मूठ पिळली की पूर्वीसारखी डरकाळी. "गेलं वाटतं," असं तो मोठ्याने म्हणाला आणि निघाला.

पंधरा मीटर. तिन्ही दिवे हजर.

त्याने सीट काढून बॅटरीची टोकं चाचपली. घट्ट होती. फ्यूज बघितले, शाबूत होते. स्टँडचा स्विच चार वेळा वरखाली केला. पुन्हा बंद, पुन्हा तीस आकडे, पुन्हा सुरू. पुन्हा पंधरा मीटर. मग त्याने बंटीला फोन लावला. बंटीचं विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर गॅरेज होतं आणि सलिल त्याच्या शाळेतल्या बाकावरचा.

"बोल."

"तीन दिवे एकदम लागलेत. एबीएस, ट्रॅक्शन, इंजिन. गाडी लिंप मोडला गेली."

"बॅटरी?"

"बघितली. ठीक आहे. ऐक, उभी असली की सगळं बरोबर. हलली की बिघडते."

बंटीच्या मागे कुणीतरी स्कूटर रेटत होतं. "मग चाकाचंच दुखणं आहे. चाकापाशी सेन्सर असतो ना, तो सांगतो गाडी किती पळतेय. एक चाक सांगतंय तीस, दुसरं काहीच सांगत नाही. गाडीला कळेना काय चाललंय, म्हणून ती भिऊन हळू चालते. तुझ्यापेक्षा हुशार आहे ती."

"आता करू काय?"

"सेन्सरजवळ काही अडकलंय का बघ. प्रेशरने धुतलीस का काल?"

"नाही. फडक्याने पुसली. बाबांनी पूजा केली."

"काय काय केलं पूजेत?"

"मी नव्हतो तिथे."

"मग त्यांना विचार ना, मला काय विचारतोस! मी काय भटजी आहे?"

सलिलने वाकून दोन्ही चाकं बघितली. मागचं स्वच्छ होतं. पुढच्या चाकाला कुंकवाचे डाग आणि चिखल, बाकी काही दिसलं नाही. बाबांना फोन करायचा तर आधी काय सांगायचं, हे त्याला सुचेना. तुमच्या पूजेने गाडी बंद पडली, असं सांगायचं? आज?

तेवढ्यात संचिताचाच फोन आला.

"कुठे आहेस रे?"

"पूल ओलांडला."

"म्हणजे आलासच. आमच्या पुढे एकच जोडी उरलीये. तो क्लार्क दोनदा विचारून गेला, ओरिजिनल आलं का." मग आवाज खाली आणून, "बाबा काही म्हणाले?"

"काही नाही. दिला दाखला."

"बरं." मग ती म्हणाली, "हळू ये."

हळू येण्याची सोय गाडीनेच केली होती. सलिलने हिशोब मांडला. कार्यालय तेरा किलोमीटर. पंचविसाच्या वेगाने अर्ध्या तासाहून जास्त, तेही कंटेनरच्या रांगेत, नाशिक हायवेच्या डाव्या कडेने, एबीएस बंद असताना. रिक्षा थांबत नव्हत्या. जी एक थांबली तिच्यात आधीच पाच माणसं होती. बारा वाजून नऊ मिनिटं. जाऊ तसंच, असं त्याने ठरवलं आणि गिअर टाकला.

शंभरेक मीटर गेला असेल. उताराला पुढच्या चाकाने एक हिसका दिला. लहानसाच, कुणी हँडल हलकेच मागे खेचावं तसा. मग दुसरा. सलिलने गाडी थांबवली, स्टँडवर लावली आणि बाबांना फोन केला.

पहिल्या रिंगलाच उचलला गेला. "पोचलास?"

"नाही. बाबा, काल हार कशाने बांधला होता?"

पलीकडे घरातला पंखा तेवढा ऐकू येत होता.

"का?"

"गाडी अडकलीये. दिवे लागलेत. बंटी म्हणतो चाकापाशी काहीतरी आहे. पण हार तर मी सकाळी काढला."

"कसा काढलास?"

"ओढला."

"सोडला नाहीस. ओढलास." बाबांचा आवाज बदलला. एकतीस वर्षं यंत्रावर हात ठेवलेल्या माणसाचा तो आवाज होता, सलिलने लहानपणी कारखान्याच्या गेटवर ऐकलेला. "तंगूस होता तो. माझा, गळाचा, जाड. आठ किलोचा जिताडा तोडत नाही, तू काय तोडणार? फुलं आली तुझ्या हातात. तंगूस राहिला तिथेच. आता कुठे आहेस?"

"माणकोलीच्या बाजूला, पूल संपतो तिथे."

"गाडीवर बसलायस?"

"उभा आहे."

"आता बसूसुद्धा नको. एक इंच ढकलू नको. तंगूस चाकाच्या कण्यात गेला तर चाक जागच्या जागी थांबेल आणि तू हँडलवरून पुढे जाशील. कळलं?"

"हो."

"डोळ्यांनी शोधू नको, दिसायचा नाही. माशाला दिसू नये म्हणून तर बनवतात तो. बोटांनी चाचप. चाकाच्या मधोमध, नळीच्या आतल्या बाजूला."

सलिल गुडघ्यावर बसला. मघाशी वाकून बघितलेल्या, पूर्ण मोकळ्या दिसलेल्या जागेत त्याने बोटं घातली. बोटांना गार, गुळगुळीत वेटोळं लागलं. मग दुसरं, मग कितीतरी. उन्हाच्या बाजूने मान वाकडी केली तेव्हा कुठे ते चमकलं, काचेच्या बांगड्या एकीत एक घालाव्यात तसं. त्यात झेंडूची एक पाकळी घट्ट बसली होती. एका फासात सेन्सरची बारीक काळी वायर सापडली होती आणि ताणली जाऊन तिचं टोक खोबणीतून अर्धं बाहेर आलं होतं.

"सापडलं. बाबा, वायर निघालीये थोडी. तुटली नाहीये."

"किती वेटोळी?"

"दहा-बारा. जास्तच."

"तुझ्याकडे काय आहे?"

"चावी. हेल्मेट. दाखला."

"दातांनी तुटायचा नाही. लायटर लावशील तर वायर जळेल. थांब." फोन बंद करण्याआधी ते अगदी वेगळ्या सुरात म्हणाले, "दोरा तुटतो रे. आज तू तिकडे जाणार होतास. हार अर्ध्या रस्त्यात गळून पडला असता, लग्नाच्या दारात गाडी बोडकी उभी राहिली असती. बरं दिसतं का ते? म्हणून तंगूस लावला."

आणि त्यांनी फोन ठेवला.

बारा अठराला पुलाच्या बाजूच्या पायवाटेवरून एक म्हातारा वर आला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला टॉवेल, हातात मासे कापायची सुरी. दर रविवारी बाबा ज्याच्या शेजारी खाडीत गळ टाकून बसायचे तो हा दगडू. सलिलने त्याचं नाव फक्त ऐकलं होतं.

"दवलतचा पोऱ्या न तू?" दगडू लांबूनच म्हणाला. "बापसानं फोन केला. बोलला, पोर अडकलाय वरती, धाव. मना वाटला, खाडीन परला का काय!"

"दगडूकाका, इथे. आत गुंडाळलंय."

दगडू बसला, एकदा हात फिरवला आणि हसायला लागला. "ही गाठ दवलतचीच. सुटाची नाय ही. साऱ्या खाडीन कुनाला सुटली नाय." सुरीचं टोक त्याने वेटोळ्याखाली असं सरकवलं, की वायरच्या रबराला ओरखडाही गेला नाही. "वायर धर तुजी. बोट काढ, नायतं बोटाचा कालवन होईल."

टक. टक. टक. एकेक फास सुटत गेला. दगडू कापायचा, सलिल ओढून काढायचा. पाकळीही निघाली. शेवटचा तुकडा हातभर लांब होता. दगडूने सगळे गोळा करून सलिलच्या मुठीत दिले. "खाडीन टाकू नको. पाखरांच्या पायान अरकतो. बापसाला दे नेऊन."

सलिलने वायरचं टोक खोबणीत धरलं आणि अंगठ्याने दाबलं. कट्ट असा बारीक आवाज झाला. पुढचं चाक उचलून फिरवलं, ते मोकळं फिरलं. त्याने चावी लावली. दिवे लागले, गेले. एबीएसचा राहिला.

"ह्यो रायला रं," दगडू म्हणाला.

"तो चालल्यावर जातो. जायला पाहिजे."

"मंग चल की! माज्या तोंडाकं काय बघतोस?"

सलिल निघाला. पाच मीटर. दहा. पंधरा मीटरला त्याने श्वास धरला. एबीएसचा दिवा विझला आणि दुसरा कुठलाच लागला नाही. तीस, चाळीस, साठ. गाडीने मूठ ऐकली. आरशात दगडू टॉवेल डोक्यावरून काढून हवेत फिरवत होता. हेल्मेटच्या आत सलिल एकटाच हसत होता, आणि डोळ्यांत पाणी आल्याने काच वर करावी लागली.

कापूरबावडीला सिग्नलवर चार मिनिटं गेली. त्या चार मिनिटांत त्याने स्क्रीनकडे बहुधा चाळीस वेळा बघितलं. स्क्रीन स्वच्छ होती.

बारा एक्कावन्नला तो कार्यालयाच्या जिन्यावर होता. आई वरच्या पायरीवरच उभी होती, हातात अक्षतांची पुडी. "अरे, काय हे हात! या हातांनी साक्षीदाराची सही करणार? तिच्या सर्टिफिकेटवर तुझे ठसे उमटतील."

"उमटू देत."

"पूस आधी." आईने स्वतःच्या पदराचं टोक पुढे केलं, मग नव्या साडीकडे बघून मागे घेतलं आणि अनिमेषचा रुमाल मागवला.

क्लार्कने दाखला पिशवीतून काढला. झेरॉक्सशेजारी ठेवला. जन्मतारखेवर बोट ठेवून ओठातल्या ओठात वाचलं. त्या पंधरा सेकंदांत खोलीतलं कुणी हललं नाही. मग त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "हां, बसा. साहेब थांबलेत तुमच्यासाठी."

संचिताने सही करताना पेन इतकं दाबलं की कागद फाटेल असं वाटलं. अनिमेषची सही लांबलचक, तीन वळणांची. सलिलची नखं काळी होती, पण ठसा उमटला नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं, शिक्का मारला, अभिनंदन म्हटलं आणि फाईल मिटली. बारा एकोणसाठ.

बाहेरच्या व्हरांड्यात हार घालून झाले. आईने अक्षता टाकल्या, त्यातल्या निम्म्या आधी सह्या झालेल्या जोडप्याच्या डोक्यावर पडल्या, त्यांनीही वाकून नमस्कार केला. सलिल जरा बाजूला जाऊन बाबांना फोन लावायला गेला, तर फोन आधीच वाजत होता.

"काय झालं?" बाबा म्हणाले.

"झालं. वेळेत. सह्या झाल्या."

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. पंखा बंद होता बहुतेक.

"दिवे?"

"गेले सगळे. परत नाही लागले."

"वायर नीट बसली? हलवून बघ. बंटीकडे दाखव उद्या." मग, "हार घातले एकमेकांना?"

"घातले आत्ताच."

"कशात ओवलेत?"

सलिलने मागे वळून बघितलं. संचिताच्या गळ्यात निशिगंध आणि गुलाबांचा हार होता, चौकातल्या फुलवाल्याकडचा. "दोऱ्यात असतील."

"तुटतील," बाबा समाधानाने म्हणाले. आणि लगेच, घाईघाईने, कुणी अडवेल म्हणून बोलावं तसं, "काल तिला सोनं द्यायचं राहिलं. आपट्याची पानं ओल्या फडक्यात ठेवलीयेत, अजून हिरवी आहेत. संध्याकाळी घेऊन ये दोघांना. जेवायलाच या म्हणावं. आणि हे बघ, तूच सांग तिला. नाहीतर... दे तिला. दे फोन."

"संचे," सलिलने हाक मारली, "बाबा."

ती हार सावरत आली. तिने फोन कानाला लावला. "हं बाबा," एवढंच ती म्हणाली आणि जिन्याच्या वळणावर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पुढचं सलिलने ऐकलं नाही. आईनेही ऐकलं नाही, पण तिने पिशवीतून पेढ्यांचा दुसरा पुडा काढला, जो तिने सकाळपासून उघडला नव्हता.

सलिल खाली गाडीपाशी आला. खिशातून तंगुसाचे तुकडे काढून त्याने मोजले. चौदा. एका तुकड्यावर बाबांची गाठ जशीच्या तशी होती. तो त्याने वेगळा ठेवला. बाकीचे पुन्हा खिशात घातले, आणि चौकातून झेंडूचा नवा हार घ्यायचा की नको, याचा तो बराच वेळ विचार करत राहिला.